उसातली कोरडी जागा

सांगते, पण जरीनाच्या कानावर जाऊ देऊ नका.

शेहेचाळीस सालचा हिवाळा. दिवेलागणीच्या आधी माझ्या मालकांची, जरीनाच्या बापाची, भाकरी घेऊन मी शेताकडे निघाले होते. देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडे साखर कंपनीच्या उसाला ते पाणी भरत होते. जरीना कडेवर, अजून धड बसतसुद्धा नव्हती.

तिथे आधी ऊस नव्हता. कुसळी गवताचा माळ होता. त्यावर हरणं चरायची, उतारावर लांडग्यांची बिळं होती. कालव्याचं पाणी आलं आणि कंपनीने ट्रॅक्टर लावून सगळा माळ उलथा केला. तेव्हा धनगर गहिनीनाथमामा आमच्या दारात बसून म्हणाले होते, "बिळात पिल्लं हुती गं हसीना. लांडगीण दिसभर ट्रॅक्टरमागं हिंडली. वरडली न्हाई. नुसती माती हुंगत हुती." पुढे ती कुणाला दिसली नाही. हरणंही गेली. ऊस डोक्याच्या वर गेला.

बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून मी जरीनाला निजवलं. तेवढ्यात मालकांची हाक आली. पाटाची कड फुटली होती. दोघांनी माती ओढून पाणी वळवलं आणि अंधार पडता पडता बांधावर आलो, तर झोळी हलत होती. रिकामी.

वारा नव्हता. उसाचं पान हलत नव्हतं. फक्त आत, खोलवर, काहीतरी सळसळत चाललं होतं... मग तेही थांबलं. ओल्या केसांचा वास आला, त्यात दुधाचा.

"कंदील घे," मालक हळूच म्हणाले. "अन् वरडू नको..."

आम्ही आत शिरलो. पानांनी गाल चिरले, पाय चिखलात रुतत होते. आणि एकाएकी चिखल संपला. मालकांनी कंदील खाली धरला.

"हितं आत्ताच पानी दिलंय मी..."

जमीन कोरडी ठाक होती. उसाच्या मधोमध कुसळी गवत उभं होतं, माळावर असायचं तसं. त्यात जरीना अंगाचं मुटकुळं करून निजली होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही. तिच्या दोन्ही बाजूंना गवत दबून लहान लहान खळगे पडले होते. मी एकाला हात लावला. ऊबदार होता.

"उचल तिला. मागं बघू नको..."

घरी छातीशी धरली, तर तिने तोंड फिरवलं. पोट टम्म भरलेलं. ओठांच्या कडेला दूध वाळलं होतं.

सकाळी मालकांनी मामांना तिथे नेलं. चिखलात आमच्या दोघांचीच पावलं होती. ती जिथे संपत होती, तिथे गवत नव्हतं. दाट ऊस होता, बुंध्याशी पाणी साचलेलं. मामा म्हणाले, "दिलावर, पोरीला घिऊन लांब जा."

आम्ही सोनईला माझ्या आईकडे गेलो. तिथे ऊस नव्हता, माळही नव्हता. मला हायसं वाटलं. आई गोठ्यात शेळ्यांची धार काढायला बसली होती. म्हणाली, "आण गं पोरीला, बघू दे."

मी जरीनाला घेऊन गोठ्यात पाऊल टाकलं. शेळ्यांनी चारा सोडला. एकेक करून मागे सरकल्या, दावी ताणून भिंतीला चिकटल्या आणि थरथरू लागल्या. एकही ओरडली नाही.

जरीना माझ्या कडेवर होती. त्यांच्याकडे बघून हसत होती.