येळवशीच्या दुपारी, वायर काढलेला हेडफोन

"वन्सं... हिचंबी नाव ठिवा की."

बाळंतिणीचा आवाज. दोन पाळण्यांच्या मधे बसलेली, तोंड उतरलेली प्रेमला. आवाज चढवलाही नव्हता तिनं. वाटीभर पीठ मागावं, तसं मागितलं होतं...

जगदेवीआत्यांनी ते ऐकलं, पदर खोचला आणि त्या उठून गेल्या.

लई वर्षं झाली त्याला. तेव्हा पाळण्यात हातपाय झाडणारं पोरगं आता मिशीला कात्री लावतं.

पण तो आवाज काही विझला नाही.

पुढचं रचलेलं नाही. जळकोटात, हायवे सोडून आत वळलं की लागणाऱ्या एका घरात हे घडलं आहे. रात्री नाही, भर दुपारी. भूत म्हटलं की माणसं अंधार धुंडाळतात. त्या दिवशी ऊन असं लख्ख होतं, की परसातल्या दोरीवरचा चिमटा न चिमटा मोजून घ्यावा.

दिवस येळवशीचा होता, म्हणजे वेळ अमावस्येचा. आपल्या भागात त्या दिवशी गाव शेतात जेवतं. दारांना कुलपं, चुली थंड. कुत्रीसुद्धा भज्जीच्या, म्हणजे त्या दिवशीच्या डाळी-पालेभाजीच्या कालवणाच्या, वासानं माणसांमागं शेताकडं निघून जातात. उरतात म्हातारे, आजारी, आणि भिंती.

जगदेवीआत्यांचा गुडघा सुजला होता. म्हणून त्या घरी.

घर त्यांचं नव्हतं. धाकट्या भावाचं, बंडप्पाचं. नवरा गेला, पोटी लेकरू नाही, तेव्हा त्या माहेरी आल्या. भावजय प्रेमलानं कधी ताटात कमी वाढलं नाही. तेच त्यांना सलायचं. तिनं एखादी शिवी हासडली असती, तर घास तरी सोपा उतरला असता.

भाचा रेवणसिद्धही त्या दिवशी घरीच अडकला होता. त्याचा कॉम्प्युटर बिघडला होता. लग्नांच्या शूटिंगचे व्हिडिओ जोडून मिळालेल्या पैशांतून त्यानं तो घेतला होता. काचेची बाजू, आत रंगीत दिवे. बंडप्पा त्याला 'डबडं' म्हणायचा आणि पाहुणा आला की हौसेनं दाखवायचाही.

परवावर रेवणचा ऑनलाइन गेमचा सामना आला होता, जिल्ह्यातून एकटा त्याचाच संघ वर गेलेला. आणि बंडप्पानं बजावलं होतं, "येळवस होऊ दे. न्हाय नीट झालं, तर भंगारवाला हाय अन् तू हाईस."

तुळजापूरहून त्याचा दोस्त कैवल्य मोटारसायकलवर आला होता. पुजाऱ्याच्या घरातला, पण देवापेक्षा कॉम्प्युटरपुढं जास्त बसणारा. पाठीवरच्या पिशवीत त्यानं स्वतःच्या मशीनचे निम्मे पार्ट काढून आणले होते.

"आत्या, च्या ठिवा की. पेशंट लई सिरीयस हाय."

"पुजाऱ्याचा ना रे तू? अंगारा लाव की त्याला."

"लावला की. ही करड्या रंगाची पेस्ट दिसती का? आमच्यातला अंगारा हाच."

आत्या हसल्या. परातीत शेंगा घेऊन त्या उंबऱ्याशी फोडत बसल्या.

बिघाड विचित्र होता. व्हिडिओचं काम दिवसभर करा, मशीन हूं की चूं करत नसे. गेम लावली, खेळ रंगात आला, की पडदा काळा. पंखे थांबायचे. मग आपोआप सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

कैवल्यनं रॅम बदलली. पॉवर सप्लाय बदलला. ग्राफिक्स कार्ड काढून आपलं बसवलं.

रेवणनं हेडफोन चढवला. गेम सुरू झाली.

थोडा वेळ नुसती की-बोर्डची खडखड...

मग पडदा काळा.

"घाल आता डोक्यात दगड!" कैवल्यनं कपाळाला हात लावला. "गरम न्हाय, धूळ न्हाय, सगळे पार्ट बदलले. विंडोज नुसतं म्हनतंय, वीज अचानक गेली. का गेली, ते त्यालाबी ठावं न्हाय."

रेवणनं हेडफोन हळूच काढून खाटेवर ठेवला.

"आधी आवाज येतो," तो म्हणाला.

"कसला?"

"कुर्रर्र... असा. मग बंद पडतंय."

"कार्डातली कॉइल वाजत आसंल."

"न्हाय रे. लई जवळनं येतो. तोंड कानाला लावून केल्यावानी. अन् त्याच्या पुढं गप. मला वाटतंय, कुनीतरी पुढचं ऐकायला थांबलंय... अन् पुढचं कायबी येत न्हाय."

परातीतला हात थांबला.

कुर्रर्र.

बारशाला आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन करायचा आवाज. कुर्रर्र करायचं आणि लगेच नाव सांगायचं. मागून बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात. नाव ठेवायचा मान आत्याचाच.

"कधीपासनं व्हतंय?" कैवल्य विचारत होता.

"दिवाळीनंतर. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हनून अर्थिंग करून घेतलं. तवापासनं."

"येड्या, मग हे आधी सांगायचं का न्हाय? सळई कुठं ठोकली?"

"परसात. कर्दळीच्या बुडी. आत्यानंच जागा दावली की."

आत्यांनी मान वर केली नाही.

खरं होतं ते. वायरमन म्हणाला होता, कायम ओल असते अशी जागा दावा. बंडप्पा रानात, प्रेमला माहेरी. साऱ्या परसात ओल एकाच ठिकाणी असायची. न्हाणीच्या मागं, कर्दळीपाशी. प्रेमला रोज तिथं तांब्याभर पाणी घालायची. कुणी जवळ नाही असं बघून गुणगुणायची...

कर्दळीच्या बुडी ओल राहू दे गं माये,
निजल्या पाखराला तिथं तहान लागू नये.

दात न आलेलं लेकरू गेलं, तर त्याला पुरायला रानात नेत नाहीत. घराजवळच ठेवतात. रेवणच्या पाठोपाठ घटकाभरानं जन्मलेली, मुठीत मावावी एवढी पोर होती ती. बारशाला आत्यांनी रेवणच्या कानात नाव सांगितलं, धपाटे खाल्ले, हसल्या. दुसऱ्या पाळण्यापाशी मात्र म्हणाल्या, "हिचं बघू मागनं."

मागनं आलंच नाही. आठवडाही सरला नाही. बिननावाचीच ती कर्दळीखाली निजली.

रेवणला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं.

वायरमननं विचारलं तेव्हा 'तिथं नको' म्हणायचं, तर 'का' आलं असतं. आत्यांनी नुसतं बोट केलं. घणाचा घाव पडत होता, सळई आत चालली होती, आणि त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

माहेरून परतल्यावर प्रेमलानं ती सळई पाहिली. आत्यांकडं पाहिलं. तांब्या घेतला आणि रोजच्यासारखं पाणी घातलं.

तेवढ्यात बंडप्पाचा फोन आला. जेवायला या, पंगत खोळंबली.

"आल्यावर आधी ती अर्थिंगची तार तोडू," कैवल्य म्हणाला. त्यानं मशीनच्या साऱ्या वायरी उपटल्या. भिंतीतला प्लगही काढला. "आत्या, हात लावू नका हं. उरलीसुरली वीज उतरू द्या."

"मी कशाला लावू? मला का खेळायचं हाय?"

बोलून गेल्या, आणि हातातली शेंग तशीच राहिली.

खेळायचं...

कामाला ते अडवत नव्हतं. जुळा भाऊ खेळायला बसला, की येत होतं.

मोटारसायकलचा आवाज लांब गेला. मग काहीच उरलं नाही. कोंबडं नाही. पाट्यावरवंट्याचा आवाज नाही. कुणाच्या घरचा टीव्ही नाही. हायवेही त्या घडीला रिकामा असावा.

आत्या शेंगा फोडत राहिल्या. टरफलाचा आवाज तेवढा... कट्... कट्...

त्या थांबल्या.

कट्...

एक टरफल त्यांच्या मागं फुटलं.

त्यांनी वळून पाहिलं. खोली रिकामी. उघडा कॉम्प्युटर. बाहेर पडलेल्या वायरी. खाटेवर हेडफोन, त्याची वायर खाली लोंबकळत होती. कशालाच जोडलेली नव्हती.

मग हेडफोनमधून आलं.

कुर्रर्र...

बारीक. पाण्यात बोलल्यासारखं.

आत्यांना उठून पळता आलं असतं. गुडघा दुखत होता म्हणून त्या बसल्या, असं नंतर त्यांनी लोकांना सांगितलं. ते खोटं होतं. पळायची लाज वाटली. एकदा त्या अशाच उठून गेल्या होत्या.

खाटेला धरून त्या उभ्या राहिल्या. हेडफोन उचलला. कानाला लावला.

आत श्वास होता.

लहान. ओला. भुकेला नव्हता, रडतही नव्हता. तो फक्त वाट बघत होता... मान वळवून, कान पुढं करून बाळ थांबतं, तसा.

कुर्रर्र...

आणि गप.

त्या शांततेत आत्यांच्या पाठीवर काहीतरी लागलं. धपाटा नव्हता. तळहातही नसावा, एवढंसं. पुन्हा लागलं. 'सांगा की' म्हटल्यासारखं.

आत्यांनी तोंड उघडलं. नाव ओठांपर्यंत आलं. पण इथं, या रिकाम्या खोलीत, कुणी ऐकायला नसताना सांगून सुटायचं? त्यांची त्यांनाच किळस आली. चोरानं रात्री माल परत टाकून जावं, तसं.

"थांब गं," त्या एवढंच म्हणाल्या.

श्वास थांबला नाही.

मागच्या दाराची कडी वाजली.

प्रेमला होती. शेतातून चालत आलेली, डोक्यावर टोपली, पाय धुळीनं माखलेले. येळवशीचा बाजरीचा उंडा आणि भज्जी तिनं दोन पानांत आणली होती. एक पान आत्यांचं. दुसरं घेऊन ती न विचारता कर्दळीकडं निघाली होती. दरवर्षी जायची. आत्या दरवर्षी तेव्हा दुसरीकडं बघायच्या.

परसात येऊन आत्या तिच्यामागं उभ्या राहिल्या. हातात तो हेडफोन, वायर मातीतून ओढत आलेली.

"वन्सं, गुडघा दुखतोय न् तुमी उन्हात कशाला?" प्रेमला म्हणाली. मग तिनं आत्यांचं तोंड पाहिलं. "काय झालं?"

"ऐक."

प्रेमलानं हेडफोन कानाला लावला. किती वेळ, कोण जाणे. तिचे डोळे आधी मोठे झाले, मग भरले. ती खाली बसली. ओल्या मातीवर हात ठेवून बसली, आणि कान काही काढेना.

नंतरचं आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या संध्याकाळी तार तोडली, सळई दुसरीकडं नेली. रेवण परवाचा सामना खेळला, मशीन बंद पडलं नाही. कैवल्य म्हणतो, अर्थिंगचाच फॉल्ट. पण वायर काढलेल्या हेडफोनचं त्याला कुणी विचारलं, की तो गाडीला किक मारतो. रेवणला आता गेममध्ये कधीकधी मागून कुणी हसल्यासारखं वाटतं. तो हेडफोन काढत नाही. आणि आत्या त्या खोलीत अजून एकट्या जात नाहीत. नाव सांगितल्यावर ती निजली, की जागी झाली, हे कोण सांगणार?

पण त्या दुपारी...

प्रेमला मातीत बसलेली. आत्यांचा गुडघा वाकत नव्हता, तरी त्या वाकल्या. तिच्या शेजारी बसल्या. किती वर्षांत एवढ्या जवळ बसल्या नव्हत्या.

"नाव व्हतं, प्रेमला. बारशाच्या दिवशीच व्हतं माझ्याजवळ."

प्रेमलानं हेडफोन कानावरनं खाली घेतला.

"मला वाटलं, ही काय जगत न्हाय. गेलेल्या लेकराचं नाव दुसऱ्याला ठिवत न्हाईत. नाव उष्टं व्हईल म्हनून राखलं म्या. माझ्या पोटी पोर येईल, तिच्यासाठी. एक नाव देववलं न्हाय गं मला तुझ्या पोरीला. अन् माझी तर आलीच न्हाय."

कर्दळीचं पान हललं. वारा नव्हता.

"शिव्या दे मला. पन आधी तो हेडफोन हिकडं कर."

प्रेमलानं तो मातीवर ठेवला. आत्या आडव्या झाल्या, तोंड जमिनीशी नेलं. पाठीवर प्रेमलाचा हात आला.

"कुर्रर्र..." आत्या म्हणाल्या. "शिवकन्या. तुझं नाव शिवकन्या हाय, बाय."