डाव्या पिळाचा दोर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. 'नमुना मृत' म्हणून अहवालावर शिक्का मारलात, तेव्हा तो नमुना तुमच्या मुठीत होता आणि जिवंत होता. हातमोजेसुद्धा घातले नव्हतेत.

नमुना ओकबुनच्या आईच्या विरजणाचा. गव्हाची आंबवलेली वडी, पेंढ्यात गुंडाळलेली. चार पिढ्या त्याच वडीवर गावची तांदळाची दारू उतरली. वसंतात आई गेली, मागे तळहाताएवढा तुकडा राहिला. देजॉन शहरातल्या तुमच्या प्रयोगशाळेत ओकबुन तेवीस वर्षं पेशींवर कवच चढवत होती. एक थर धन भाराचा, एक ऋण भाराचा, असे अकरा, आणि वर काचेचं पातळ आवरण. कवचातली पेशी वाढत नाही, पण सहजासहजी मरतही नाही. आईचं यीस्ट राखायला तिच्याकडे एवढाच उपाय होता.

कवचाआधी पेशी तीनदा धुवायच्या असतात. पाच नळ्यांतल्या पेशी तिने धुतल्या. सहावीला हात अडला, तिच्यावर न धुताच कवच चढवलं. आई म्हणायची, "मूळ विरजण धुवायचं नाही गं, घरची माणसं वाहून जातात."

महिन्याभरात पाचही नळ्या मेल्या. सहावी हिरवी राहिली. तपासायला नळीत घालतात तो रंग फक्त जिवंत पेशीत उजळतो.

"मावशी, कवचावर हे काय कोरलंत?" डॉक्टर गिलने सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता विचारलं.

"मी काय सोनार आहे?"

ओकबुन वाकली. प्रत्येक कवचाभोवती एक कड होती, दोरासारखी वळलेली. पीळ डावा.

तिच्या गावात दोर उजवा वळतात. डावा वळतात तो बाळंतिणीच्या दाराला आणि नव्या रांजणाच्या गळ्याला बांधायचा. आत जीव आहे, परक्याने पाऊल टाकू नये.

"थर चुकला असेल," गिल म्हणाली.

"सगळ्यांचा? एकाच बाजूला?"

गिलने दिवा मालवला. दुसऱ्या आठवड्यात तिनेच थर मोजले. तेरा. वरचे दोन कुणीच चढवले नव्हते.

मग प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून तुम्ही तपासणीला आलात. पेशी वाढत नाहीत म्हणजे मेल्या, असं उभ्याउभ्याच ठरवलंत. आदेश दिलात: नमुना आणि त्याचा स्पर्श झालेलं सगळं शुक्रवारपर्यंत वाफेच्या यंत्रात घालून नष्ट करा.

"आधी रंग बघा, मग लिहा," ओकबुन म्हणाली.

"चिमूटभर विरजणापायी नोकरी घालवणार का, बाई?"

"घालवते. बघा आधी."

तुम्ही हसलात. नळी उजेडात धरून हलवलीत. बूच सैल होतं. एक थेंब अंगठ्यावर आला, तो तुम्ही विजारीला पुसलात.

"साहेब, हात धुवा."

"मेलेल्याला काय भ्यायचं?"

धुतले नाहीत तुम्ही.

सोमवारी तुमच्या खोलीच्या दाराने तुमचा अंगठा ओळखला नाही. तुम्ही यंत्राला शिव्या घातल्यात. मंगळवारी तर्जनी. बुधवारी उरलेली बोटं. पहारेकरी चावी घेऊन आला आणि म्हणाला, "सर, हात भलतेच गुळगुळीत झालेत हो. कुठलं मलम लावता?"

तेव्हापासून तुम्ही हात खिशातून काढलेला नाही.

त्याच संध्याकाळी ओकबुनने दाराच्या यंत्रावरचा तुमचा ठसा चिकटपट्टीवर उचलला. गिलने तो भिंगाखाली धरला. मग खुर्ची मागे सरकवून एवढंच म्हणाली, "मावशी, तुम्हीच बघा."

अंगठ्याच्या रेषा नव्हत्या. एकच कड होती.

पीळ डावा.

ओकबुनने कागदाच्या डब्यात नळी ठेवली, डबा उराशी धरला आणि तुमच्या दारापुढे खुर्ची टाकून बसली. तिथेच आहे. नळी ती देणार नाही. मात्र तुमचा आदेश तिने चार वेळा वाचलाय, अक्षर न् अक्षर.

नमुना आणि त्याचा स्पर्श झालेलं सगळं.

शुक्रवार उद्या आहे. अहवालातला 'मृत' हा शब्द खोडणार, की आदेश पाळणार? आणि पाळायचाच असेल, तर साहेब, तुमचा हात त्यात धरायचा की नाही?

दाराआडूनच उत्तर द्या.