डिकीवर तीन थापा

लाइट गेलीय तर बस इथंच, कंदिलाजवळ. वात मोठी करू नकोस, काच काळी होते. आणि अशी संशयानं बघू नकोस माझ्याकडे, मी आज काही करणार नाहीये. केलंच तर सांगून करीन.

आमची ती जुनी गाडी आठवते ना? हे होते तेव्हा ती ढकलूनच सुरू व्हायची. मुलगा स्टेअरिंगवर, मी गाडीत महाराणीसारखी, आणि हे मागून ढकलणार. इंजिननं धरलं की डिकीवर तीन थापा मारायचे. टप्, टप्, टप्. म्हणजे पळा आता, थांबू नका. हे गेले, मुलानं बॅटरी बदलली, ढकलायचं काम संपलं.

मग सुनेला सातवा लागला, तेव्हा आम्ही तिघं तपासणीला निघालो. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. दवाखाना डोंगरापलीकडे, वाटेत तो लांबडा बोगदा. आत ओल्या दगडाचा वास, वरून थेंब थेंब पाणी, आणि दिवे म्हणशील तर दहातला एक, तोही मिचमिचा. मधोमध आलो आणि गाडी गचकन बंद. दिवे गेले, पंखा थांबला. मिट्ट काळोख.

आता अशा वेळी माणसानं देवाचं नाव घ्यावं. मी काय केलं? हळूच हात मागे नेला आणि सीटमागच्या फळीवर मारल्या तीन थापा.

"बाबा?" मुलाच्या तोंडून निघून गेलं.

सून किंचाळली. मी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसले. मुलगा नाही हसला.

पुढच्या महिन्यात परत तीच जागा, परत बंद. या खेपेला मी शहाण्यासारखी हात मांडीवर ठेवून बसले होते. आणि मागून आलं... टप्... टप्... मग बराच वेळ काही नाही... आणि तिसरी.

"आई, पुरे हं."

"मी नाही रे..."

"मग कोण?"

काय सांगू? या वेळी मात्र मी देवाचं नाव घेतलं. मुलानं किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, जसं काही घडलंच नाही.

गॅरेजवाल्यानं फिल्टर बदलला, बॅटरीच्या तारा घासल्या. मुलगा एकटा चार वेळा बोगद्यातून जाऊन आला, ठणठणीत. सुनेला घेऊन गेला, ठणठणीत. मी बसले, की बंद!

"आई, तू असलीस की पडते बंद," तो म्हणाला. "बाळंतपणाला तू घरीच थांब. मला तेव्हा बोगद्यात अडकायचं नाहीये."

त्याचं चुकलं नव्हतं गं. पण सुनेला आई नाही. "आई, तुम्ही हात धरणार ना?" असं तिनं पहिल्याच महिन्यात विचारलेलं, आणि मी हो म्हणून बसलेले. मोरीचं दार लावून रडले. वर मनात पाल चुकचुकली... ह्यांनाच तर मी हवी नसेन ना? त्या काळोखातून आपल्याकडे ओढून न्यायला?

शेवटी फुंकर मिस्त्री आला. हात लावायच्या आधी प्रत्येक वस्तूवर फुंकर मारतो म्हणून फुंकर. त्यानं बॉनेट उघडलंसुद्धा नाही.

"बंद पडते तेव्हा दिवे राहतात?"

"नाही. सगळं एकदम जातं."

"मग पेट्रोल बिचारं निर्दोष. चला, बसा. त्या दिवशी जे जिथं होतं ते तिथंच. माणसं, पिशव्या, सगळं."

सुनेला कुठं हिंदकळवणार? तिच्या जागी वाळूचं पोतं ठेवलं. मी त्याला तिचा स्कार्फ बांधला. राहवलं नाही, काय करू!

बोगदा. मधोमध गचका. काळोख.

"कुणी हलू नका..." मिस्त्री कुजबुजला. टॉर्च लावला, उजेड आधी पोत्यावर पडला. "अगं आई गं!" म्हणून ओरडला बिचारा. मग सावरून त्यानं टॉर्च स्टेअरिंगखाली धरला. तिथं माझा किल्ल्यांचा जुडगा झुलत होता.

कपाट, ट्रंका, कोठी, शिवाय ज्यांची कुलपंसुद्धा आता उरली नाहीत अशा चार. गाडीत बसलं की तो कमरेला टोचतो, म्हणून बसल्या बसल्या मी मुलाकडे द्यायची आणि तो गाडीच्या किल्लीलाच अडकवायचा.

"आजी, हे वजन आहे का नांगर? इथं रस्ता उखडलाय. गाडी आपटली की हा गोळा किल्लीला हिसका देतो. आतला स्विच झिजलाय. खेळ खलास."

तेवढ्यात मागून... टप्... टप्...

मी मिस्त्रीची कॉलरच धरली.

"सायलेन्सर आहे तो," मिस्त्री म्हणाला. "तापलेलं लोखंड गार होताना वाजतं. इंजिन बंद असलं की ऐकू येतं, एवढंच."

पोरी, एवढं हलकं वाटलं, वाटलं याची पापीच घ्यावी. मुलगा म्हणाला, "म्हणजे भूत तूच होतीस!" म्हटलं, "होय रे बाबा, किल्ल्यांसकट."

स्विच नवा बसला, जुडगा घरी खिळ्याला टांगला. आणि कळा सुरू झाल्या तेव्हा मी ऐटीत सुनेशेजारी बसून गेले. गाडी कुठंही अडली नाही. चार वाजता नात झाली. बघते तर पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंचा चष्मा ओढला. माझ्यावर गेलीय.

बोगद्यातलं एक तेवढं राहिलं सांगायचं.

मधोमध गचका बसला, इंजिन चालूच राहिलं. मी श्वास सोडला. गाडी चांगली पळत होती, सून कण्हत होती... आणि मागून, डिकीवर, सावकाश... टप्. टप्. टप्.

मुलानं आरशातून बघितलं. तोंड पांढरं पडलेलं. "आई... आज तरी नको ना गं..."

मी नुसते हात वर करून दाखवले. माझे दोन्ही, आणि ते घट्ट धरून बसलेले सुनेचे दोन्ही.