आतून धरलेलं दार

लाइट गेली की तुमाले भुताची गोष्ट सुचते पोट्टेहो, अन् मग हा म्हातारा सापडते. एकदाच सांगतो. मधात 'मग, मग' करू नका.

मागच्या पोळ्याच्या करीची रात्र. वणीच्या रस्त्यावर एक वर्कशॉप आहे, कोळशाच्या खाणीले शाफ्ट करून देते. सारे गडी सणाले गावी गेलते. ऋतिक एकटा सीएनसी लेथवर, म्हंजे कम्प्युटरच्या हुकुमावर चालणाऱ्या लेथवर होता. शाफ्टाची खाच सबप्रोग्राममधून काढून दाखव, नाही तर उद्यापासून घरी बस, असं मालकानं त्याले बजावलं होतं.

सबप्रोग्राम त्याले त्याच लेथवरच्या जुन्या गड्यानं, रामसिंगनं शिकवला. "एसटी पाह्यली ना बे? हमरस्त्यानं चालते, महागाव आलं की आत स्टँडवर वळते, अन् पुन्हा त्याच रस्त्याले लागते. मेन प्रोग्राम म्हंजे रस्ता. सबप्रोग्राम म्हंजे स्टँड."

शिकवणं अर्धंच राह्यलं. चैतात त्याच लेथनं रामसिंगले ओढून घेतलं. काढला तो मेलेलाच. दार उघडलं की मशीन थांबाले पाह्यजे, अन् मशीन चालू असली की दार उघडाले नाही पाह्यजे, तसा खटका असते दाराले. वेळ जाते म्हणून मालकानं तो काढून टाकला होता. वरून बोलला, गडी पिऊन होता.

ऋतिकनं प्रोग्राम चालवला. हत्यार आत गेलं, खाच पडली, हत्यार मागं सरलं. लेथ उभी राह्यली. नोकरी वाचली म्हणून पोट्टा एकटाच हसला. पण स्टँडवर किती खेपा जायचं, तो आकडा जुन्या कामाचा तसाच राहून गेलता. दोन.

खाच बोटानं पाहावी म्हणून त्यानं दार ओढलं.

आलं नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. खटका तर नव्हताच... आतून कोणीतरी धरून होतं.

"रामसिंगभाऊ...?"



मग लेथ फिरली. हत्यार पुन्हा आत आलं. त्याची बोटं असती, तिथंच.

थांबलं. दार हलकं झालं. आपोआप सरकलं.

आत कोणी नव्हतं. खाली लोखंडाच्या ताज्या भुशात दोन पाय उमटले होते. अनवाणी. बोटं दाराकडं, टाचा खोल रुतलेल्या.

रातच्या राती तो माह्याकडे पळत आला. म्या तसाच त्याच्यासंगं गेलो, ते पाय ह्या डोळ्यांनी पाह्यले. रामसिंग दारूच्या थेंबाले शिवत नव्हता, हे म्या त्याच्या तेरवीतच बोललो होतो, तर मालकानं चार माणसांत मले खोटारडा म्हटलं. माफी अजून मागितली नाही.

म्हणून म्या नाव घेऊनच सांगतो. मालकाचं नाव सुनील.