हिमनदीवर राहून गेलेली हाक

सर्जेराव परतूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, अन् बायकोच्या, गिरिजाबाईंच्या, उताऱ्या-दृष्टींना नावं ठेवण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. लेक एकच, पायल. तिचं लग्न ठरलं. सासरी जायच्या आधी पोरीला एकदा हिमनदी दाखवायची, म्हणून मे महिन्यात तिघं उत्तराखंडात गेली.

हिमनदी समोर आली, तेव्हा मास्तर शिकवायचंच विसरले. डोंगराएवढा निळसर बर्फ, त्यात उभ्या खोल भेगा, अन् आत कुठंतरी पाणी वाहत असल्याचा आवाज. "अगं बाई!" एवढंच गिरिजाबाईंच्या तोंडून निघालं.

फोटोच्या नादात पायल एका भेगेपाशी घसरून पडली. साधं खरचटलंही नाही, पण गिरिजाबाईंचं काळीज लक्कन हललं. लेकरू परमुलखात दचकून पडलं, की तिथली चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावायची अन् नाव घेऊन 'चल, घरी चल' म्हणायचं, नाहीतर जीव तिथंच रेंगाळतो, अशी त्यांच्या माहेरची रीत. तिथं माती कुठली! त्या खाली बसून बर्फच खरवडू लागल्या. मास्तरांनी दंडाला धरून उठवलं.

"लोक हसून राह्यलेत. जल्दी चल, गाडी निघंल."

तशीच निघाली मंडळी.

परतूरला ऊन नुसतं पेटलं होतं. कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता. अन् पायलला घाम येईना. भर दुपारी अंगणात उन्हात बसायची, जेवायची, विचारलं तर हसायचीही. हाताला हात लागला, तर माठाला लागल्यासारखा.

"सगळं बराबर हाये," तपासून डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी घरी तिला थर्मामीटर लावला. पारा जागचा हलला नाही. स्वतःला लावला, तर सरसर चढला. त्यांनी तो झटकून परत पेटीत ठेवला.

दिवेलागणीला गिरिजाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"आता मारू का हाक?"

"मार," मास्तर म्हणाले.

"पायल, चल बाई, घरी चल!"

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. धुळीचा लोट आला, तशी मास्तरांनी बायकोला आत घेऊन दार लोटलं अन् कडी घातली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आई, आले मी."

आवाज पायलचा. बाहेरून.

पायल तर आत, समोर बाजेवर बसलेली.

"माझी बाई गं!" गिरिजाबाई दाराकडं धावल्या.

"आई, कडी काढू नको," बाजेवरची पायल म्हणाली.

बाहेर हुंदका फुटला. "पप्पा, किती आवाज दिले मी तुम्हाला! मागं वळून पाह्यलंच न्हाई तुम्ही. उघडा ना."

मास्तरांचा हात कडीवर गेला. ती काढण्याचं बळ मात्र त्यात येईना.

"पप्पा, मी इथंच हाये ना," पायल मागून म्हणाली.

तिच्या आवाजात रडू नव्हतं.

बाहेरचं रडणं हळूहळू लांब जाऊ लागलं. गिरिजाबाई दारावर डोकं आपटत होत्या.

पायल उठली. शेजारी येऊन तिनं आपल्या बर्फगार हातानं मास्तरांची बोटं कडीवरून एकेक करून सोडवली.

"काही न्हाई गं, काही न्हाई," मास्तर बायकोला समजावू लागले, अन् त्या उकाड्यात त्यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.