आईच्या खोलीची कडी

चटई इकडे ओढ जरा, भिंतीला टेकू दे. आणि तो मोबाईल उलटा ठेव रे, उजेड थेट डोळ्यांत येतोय. भूतबीत मानत नाही म्हणालास ना मघाशी? नको मानूस, माझी काही जबरदस्ती नाही. पण माणूस खरा आहे, मालाडचाच. सुयोग त्याचं नाव. बाजारात दिसला तर आजही हात करतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. देवदिवाळीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ, म्हणजे अमावस्या. सुयोग पुट्टीची पिशवी, रंगाचे दोन डबे आणि जिप्सम बोर्डाचा एक तुकडा घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचं, रुक्मिणीबाईंचं, वर्षश्राद्ध होतं. बहीण रुचिरा सकाळी कणकवलीहून यायची होती आणि उतरणार होती आईच्याच खोलीत. रंगाच्या वासाने पोराला खोकला होतो म्हणून बायको, श्रुतिका, त्याला घेऊन पार्ल्याला माहेरी गेलेली. घरात हा एकटा.

खोली म्हणजे तरी काय, हॉलचाच तुकडा. पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट, तिला दोन्हीकडून जिप्समचे बोर्ड ठोकलेले, मध्ये पोकळ. टिचकी मारली तरी घुमणारी भिंत ती. तिच्यात आतल्या बाजूने खळगा पडला होता. जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल, एवढ्या उंचीवर.

आता मालाडात पेंटर काय कमी आहेत? हाक मारली तर तीन येतील. पण सुयोगने कुणाला बोलावलं नाही. पेंटर आला की पहिलं विचारणार, "साहेब, इथे काय आपटत होतं?" आणि त्याचं उत्तर सुयोगने वर्षभर बायकोलाही दिलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. शेवटी शेवटी रुक्मिणीबाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. उठायच्या नि चालायला लागायच्या, गावाला जाते म्हणून. एकदा तर भर बाजारात अनवाणी सापडल्या. मग सुयोगने त्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. रात्री लावायची, सकाळी काढायची. वाईट हेतू नव्हता रे त्याचा, काळजीच होती. पण कडी ती कडीच.

मग ती शेवटची रात्र, रुक्मिणीबाई आतून भिंत ठोकायला लागल्या. श्रुतिका पोराला घेऊन आत बेडरूममध्ये झोपलेली. हा हॉलमध्ये सोफ्यावर, भिंतीच्या अलीकडे. "सुयोगा... रे झिला, दार उघड. माका कसातरीच होता." रोजचंच आहे, याला वाटलं. सकाळची ड्युटी होती, वैतागला होता. त्याने काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला.

थोड्या वेळाने ठोकणं थांबलं. झोपली बाई एकदाची, म्हणून हा कुशीवर वळला. सकाळी दार उघडलं तर आई भिंतीला टेकून बसलेली, थंडगार. याने तिला उचलून पलंगावर निजवलं आणि मग बायकोला हाक मारली. झोपेत गेली, एवढंच सगळ्यांना सांगितलं. लोक म्हणाले, काय पुण्यवान बाई! कडी मात्र त्याने त्याच दिवशी उपटली आणि नाल्यात फेकून दिली. रुचिराला तर कडी होती हेच ठाऊक नव्हतं.

तर आता तो खळगा. आदल्या रविवारी त्याने नुसती पुट्टी भरून पाहिली होती, सोमवारी ती गळून खाली. या वेळी नीट काम केलं. खळग्याभोवतीचा चौकोन कापला, आत लाकडी पट्टी बसवली, नवा तुकडा स्क्रूने आवळला, सांध्यांवर जाळीची टेप, वर पुट्टी. पंखा लावून वाळवली, घासली. मग दाराकडे वळला. हॉलच्या बाजूने कडीच्या स्क्रूची भोकं होती, तीही बुजवली आणि दाराला बाहेरून ऑईलपेंटचा हात मारला. झकास दिसायला लागलं. साडेनऊ झाले असतील. शेवटचा भिंतीचा रंग राहिला होता, म्हणून रोलर घेऊन तो आत गेला.

अर्धी भिंत झाली, तेवढ्यात दार लोटलं गेलं.

वारा असेल. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

मग बाहेरून आवाज आला. लोखंडावर लोखंड घासल्याचा. खर्रर्र... खट्.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. रोज रात्री त्यानेच केलेला. पण कडी तर... कडी तर नाल्यात होती.

त्याने दार ढकललं. हलेना. खांदा लावला. हलेना. "कोण आहे?" म्हणाला. "श्रुतिका? मस्करी करू नको यार."

त्याने खिसे चाचपले.

मोबाईल बाहेर, सोफ्यावर. त्याने भिंत ठोकली. शेजाऱ्यांना ऐकू जाईल, म्हणून जोरात ठोकली. पोकळ भिंत, घरभर घुमली...

आणि हॉलमध्ये टीव्ही लागला.

बातम्या चालल्या होत्या. हा ठोकायचा... आवाज वाढायचा. हा आणखी जोरात... तो आणखी वाढायचा.

शेवटी खाली बसला, भिंतीला टेकून. ओल्या रंगाला पाठ लागली, भान नव्हतं. बसल्या बसल्या ठोकत राहिला. हात जिथे पोचत होता, तिथेच...

"आई," म्हणाला. "आई, उघड गं."

टीव्ही चालूच.

"मी जागा होतो गं. ऐकलं होतं मी... सगळं ऐकलं होतं. उठलो नाही."

टीव्ही बंद झाला.

मग अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये अशा बेताने, खर्रर्र...

दार बोटभर उघडलं.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. घराचं मुख्य दार आतून बंद, साखळीसकट. सुयोग तिथेच उंबऱ्यात बसून राहिला, सकाळी बेल वाजेपर्यंत.

रुचिराने त्याची रंगाने माखलेली पाठ पाहिली, सोललेली बोटं पाहिली. त्याने पिशवीही खाली ठेवू दिली नाही, सगळं सांगून टाकलं. कडी, टीव्ही, पलंगावर निजवणं, सगळं. ती रडली. मग चिडून म्हणाली, "आई ओरडत होती आणि तू झोपलास? माणूस आहेस का रे तू?" त्याने मान खाली घातली.

नंतर ती आईच्या खोलीकडे गेली आणि दाराशीच थबकली. "सुयोग, इकडे ये."

दाराचा ऑईलपेंट अजून चिकट होता. कडी जिथे असायची तिथे, बुजवलेल्या भोकांच्या मधोमध, त्या रंगात एक पट्टा खरवडला गेला होता. कडीच्या दांड्याएवढा रुंद, चौकटीकडे सरळ गेलेला. आणि त्याच पट्ट्यावरून, उघडायच्या दिशेने, चार बोटं ओढत नेल्याच्या बारीक, थरथरत्या रेघा होत्या.