चौकाची चौथी कड

खानवेलहून सिल्वासाला येणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारच्या जागेवर एक गोधडी येऊन बसली.

म्हणजे गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. ते आणणारा माणूस स्वतः दांडीला धरून उभा राहिला होता, आणि दुसऱ्या हातानं गोधडीला असा सावरत होता, जसं काही आत तापानं फणफणलेलं मूल आहे.

"तिकीट काढलंय का याचं?" मी विचारलं.

"अर्धं. बारा वर्षांच्या आतला आहे."

हसू दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर सागाच्या रानात धुकं उतरलं होतं. थंडीचे दिवस, आणि ते धुकं बसच्या बरोबरीनं चालत होतं, कुणीतरी सोबतीला निघाल्यासारखं.

"कॉम्प्युटरचा पडदा आहे," तो आपणहून म्हणाला. "बाकीचं पिशवीत आहे. आमच्या राखोलीच्या कारखान्यानं गणित शिकवायला दिलेला. खानवेलच्या बाईंनी परत केला."

"बिघडला?"

"नाही… उलट. वर्गात कुणी नसलं की आपणच चालतो, म्हणाल्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बरंच आहे. कुणीतरी सराव तरी करतंय." तो हसला, डोळे मात्र गोधडीवरच होते. "आता सिल्वासाच्या एका मराठी शाळेत न्यायचाय. तिथल्या गणिताच्या बाई फार कडक आहेत म्हणे."

"आहेत," मी म्हटलं. "खिडकीशी बसल्यात."

त्या क्षणी त्याच्या हातातली दांडी सुटली, आणि बस वळणावर नव्हती.

त्याचं नाव उदय. नाशिकचा, राखोलीच्या कारखान्यात इंजिनिअर. मी दुर्गा; वडील अमळनेरकडून इथं गिरणीत कामाला आलेले, आणि मी पाचवी ते सातवीच्या पोरांपुढे फळ्यावर खडू झिजवणारी. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल होतं ते. कॉम्प्युटर म्हणजे काय, हे बघायला मुख्याध्यापकसुद्धा चपला बाहेर काढून वर्गात आले.

पडद्यावर एक हिरवं कासव असायचं, आणि खाली एक उदाहरण. उत्तर बरोबर आलं की कासवाला बाण दाखवायचा, डावा नाहीतर उजवा. किती अंश वळायचं तो आकडा द्यायचा. मग ते वळायचं, चालायचं आणि मागे रेघ सोडायचं. उत्तर चुकलं की पाय आत ओढून घ्यायचं.

"अक्षर एकही नाही यात," मी म्हटलं.

"मुद्दाम. तुमच्या वर्गात मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली पोरं. इंग्रजी कुणाचीच नाही. आकडे सगळ्यांचे."

"पण आकडा डावीकडून का लिहून घेता? बेरीज करताना आम्ही एककापासून सुरू करतो. पोरं हातचा डोक्यात धरून बसतात, आणि तुमचं कासव आधी दशक मागतं. मग पोरं चुकतात आणि तुमचं कासव लाजतं."

त्यानं खिशातल्या चिठ्ठीवर ते टिपून घेतलं. पुढच्या खेपेला उत्तर उजवीकडून डावीकडे उमटू लागलं. मागच्या बाकावरची गुड्डी, जिनं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, तिनं त्या दिवशी कासवाचा त्रिकोण करून दाखवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो माझ्याकडे बघत होता. गुड्डीच्या त्रिकोणाकडे कुणीच बघत नव्हतं…

आमची गाठ पडायची ती गुरुवारी, त्याच्या सुटीला. बाकीचे दिवस तो सकाळी पाळीवर जाण्याआधी येऊन यंत्र बघून जायचा, आणि मी दुपारच्या शाळेला यायची. तो गेलेला असायचा. खुर्ची थोडी तिरकी असायची, बस.

अशाच एका दुपारी मी यंत्र लावलं आणि पडद्यावर एक रेघ होती. सरळ, खालून वर गेलेली. टोकाला कासव वळून थांबलेलं.

मला वाटलं, यानंच काढून ठेवली. माझ्यासाठी. मी बटणांवरची खडूची पांढरी पूड फुंकली, उदाहरणं सोडवली, आणि रेघेच्या बाजूला थोडं थोडं वळवत एक गोल काढला. सूर्य.

दुसऱ्या दिवशी सूर्याच्या पलीकडे चंद्रकोर होती. मग दुसरी रेघ आली, पहिलीला काटकोनात. मी फणी काढली, तर शेजारी शिडी आली. बोलणं असं सुरू झालं, एकही अक्षर नसलेलं. घरी भाकरी थापतानासुद्धा माझी बोटं काटकोनात वळायची.

गुरुवारी मात्र आम्ही दोघं साळसूद.

"कुणीतरी सुरेख चित्र काढतंय," तो म्हणायचा.

"कुणीतरी," मी म्हणायची.

"त्या कुणीतरीला सांगा, फणी फार आवडली."

"कुणीतरीच्या कानावर घालते."

एकच गोष्ट मला खुपायची. खोलीत कधी कधी ओल्या पिठाचा वास यायचा. तांदूळ भिजवून वाटल्यावर येतो तसा. आणि पूड… खडू तर मी त्या यंत्राजवळ नेतच नव्हते. पण अंगात प्रेम भरलं की माणूस असल्या गोष्टी फुंकून टाकतो.

तिसरी रेघ आली, आणि कासव थांबलं. मी रोज बघायची. चौथी रेघ यायची नाही. तीन बाजू बांधलेल्या, खालची एक उघडी.

तेवढ्यात घरी बाबांनी चहाच्या कपात बघत, आपल्या अहिराणीत, बातमी दिली. "पोऱ्या अमळनेरना शे. नोकरीवाला शे. रविवारी येतस."

"बाबा, मला विचारलं नाही?"

"इचारी राह्यनू ना आते. तुना मनमा कोनी व्हई त सांग." ते थांबले. खरंच थांबले. माझ्या मनात कोण होतं? एक न बोललेला माणूस आणि तीन रेघा. ते काय सांगणार वडिलांना? मी गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी होकार केला.

गुरुवारी शाळेला काहीतरी सुटी होती, पण मी गेले. तोही होता. दुपार असूनही आभाळ खाली आलेलं, व्हरांड्यात दिवा लावावा लागला इतका अंधार. तो खुर्चीत बसलेला, यंत्र बंद.

"माझी पुण्याला बदली झाली," तो म्हणाला. "सोमवारी निघायचंय."

"आणि माझ्याकडे रविवारी पाहुणे येतायत."

वर पंखा फिरत होता. मीच लाज गिळली.

"मग ती चौथी कड कधी काढणार होतात? पुण्याहून?"

"मी?" त्यानं मान वर केली. "ती तर तुमची ना… चौकट तुम्ही काढताय."

"मी सूर्य काढला. फणी काढली. रेघा तुमच्या."

"बाई, मी फक्त चंद्र आणि शिडी काढली."

पिठाचा वास आला. या वेळी दोघांनाही आला. त्यानं नाक वर केलं ते मी पाहिलं.

"चेष्टा करू नका," मी म्हटलं. "तुम्ही ते चित्र कॅसेटवर साठवून ठेवता, म्हणून तर रोज—"

"साठवता येत नाही ते. तशी सोयच केलेली नाही मी. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जातं." त्याचा आवाज बारीक झाला. "सकाळी यंत्र चालूच सापडायचं. मला वाटायचं, तुम्ही रोज नव्यानं काढून ठेवता. रोज, पहिल्या रेघेपासून… फक्त मी बघावं म्हणून."

भीती होती, पण त्याहून मोठं काहीतरी पायाखालून सरकलं. मी ज्याच्याशी बोलत होते, तो हा नव्हताच की काय? रविवारी मी कुणासाठी नाही म्हणणार होते? एका बंद डब्यासाठी?

"मग आपण बोललो कुणाशी?" मी विचारलं.

उत्तर द्यायच्या आत पंखा मंद झाला, फिरत फिरत थांबला. वीज गेली. व्हरांड्यातला दिवाही गेला.

आणि अंधारलेल्या खोलीत पडदा उजळला.

हिरवा, पाण्याखालून यावा तसा उजेड. आम्ही बघत असताना कासव चाललं. पहिली कड. वळण. दुसरी. वळण. सूर्य, चंद्र, फणी, शिडी, सगळं आपापल्या जागी उमटलं. तिसरी कड. मग कासव उघड्या बाजूशी येऊन थांबलं, आणि खाली एक उदाहरण लुकलुकू लागलं.

दाराशी पितळी तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. आमच्या शाळेत पाणी भरणारी सरुबाई. वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी हीच. ती पडद्याला घाबरली नाही. ओळखीचं माणूस बघावं तशी बघत राहिली.

"लग्नाचा चौक हाय," ती म्हणाली. "आमच्या सोमीचा."

"कोण सोमी, सरुबाई?"

"माझी धाकली बहीण. धरणाचं पाणी वर चढलं, गाव उठला, तवा तिचं लगीन व्हतं. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहीत व्हतो, सूर्य-चंद्र, फणी, शिडी समदं असतं त्यात. तीन कडा झाल्या नि ट्रक आला. नवरदेवाचा गाव पान्याच्या पल्याड राहिला. आम्ही खानवेलला आलो. तिथं शाळेची खोली हाय ना आता, तिथंच आमचा कुडाचा झाप व्हता. त्याच साली तापानं गेली पोर." तिनं पदरानं तोंड पुसलं. "रात्रशाळेत जायची. अक्षरं राहिली शिकायची. आकडं तेवढं यायचं."

उदयनं माझ्याकडे बघितलं. अक्षर एकही नाही, आकडे सगळ्यांचे. हे आम्हीच म्हटलं होतं.

"मग चौथी कड ती का काढत नाही?" त्यानं हळू विचारलं.

"आपल्या लग्नाची शेवटची कड आपुन लिहायची नसते, साहेब." आणि सरुबाई दारातच बसली, गुडघ्यांना मिठी घालून, आणि हलक्या आवाजात म्हणू लागली:

चौकाच्या चार कडा, तीन माझ्या गं हाताच्या
चौथी गं ठेवियेली, वाटेवरल्या पावलाला
पाऊल येईना गं, पाणी आलं उंबऱ्याला
कुणी बी मांडा बाई, चौक राहिला राहिला…

उदय खुर्ची सरकवून उठला. माझ्या समोर येऊन उभा राहिला. बसमध्ये उभा होता तसाच, पण या वेळी धरायला दांडी नव्हती.

"बाई, रेघा माझ्या नव्हत्या," तो म्हणाला. "पण मी सकाळी इथं यंत्र बघायला यायचो, असं तुम्हाला वाटतं का? यंत्राला काही झालेलं नव्हतं कधी. तुमची खुर्ची असायची इथं. फळ्यावर तुमचं अक्षर असायचं. मी ते वाचायचो… भागाकार वाचायचो उभा राहून, वेड्यासारखा."

"आणि खुर्ची तिरकी करून जायचात."

"तुम्हाला कळावं म्हणून."

"कळायचं," मी म्हटलं. "मी ती सरळ करायची नाही."

मग सगळं सोपं झालं. बोललो ते एकमेकांशीच होतो. मध्ये कुणीतरी फक्त चौकट धरून उभी होती.

"काढा," मी पडद्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही पुण्याला जायच्या आत."

उदाहरण साधं होतं, नऊ सत्ते. इंजिनिअर साहेबांनी घाईघाईनं काहीतरी दाबलं, आणि कासवानं पाय आत ओढून घेतले.

"एकसष्ट?" मी म्हटलं. "सातवीत बसवते तुम्हाला."

"बसवा. पहिल्या बाकावर."

मी पुढे झाले. एककाचं घर आधी. तीन माझ्या बोटानं, सहा त्याच्या. कासवानं पाय बाहेर काढले. बाण त्यानं दाखवला, नव्वद मी दिले. मग ते शेवटचं बटण. दोघांची बोटं एकाच वेळी त्यावर गेली, आणि बटण आम्ही दाबायच्या आधीच खाली गेलं. आमच्या बोटांखाली कुणाचं तरी बोट असावं तसं. गार. ओलं.

कासव चाललं. सावकाश, वऱ्हाडापुढे चालावं तसं. चौकाची चौथी कड पहिलीला जाऊन भिडली. कासव वळलं, जिकडे तोंड करून निघालं होतं तिकडेच तोंड करून थांबलं. सरुबाईचं गाणं थांबलं.

पडदा विझला. त्याच क्षणी वर पंखा फिरू लागला, व्हरांड्यातला दिवा आला. उदयनं यंत्राचं बटण दाबून बघितलं. हिरवं कासव, पहिलं उदाहरण, कोरा पडदा. कालपरवा आणल्यासारखा.

"गेली," सरुबाई म्हणाली. तांब्या उचलून ती पाणी भरायला निघाली, दाराशी वळली. "साहेब, चौक लिहिला की लगीन लावावं लागतं. मी रिकामीच हाय."

मी माझं बोट बघितलं. टोकाला पांढरं होतं. खडू नव्हता तो. तांदळाचं पीठ, अजून ओलं. पुसायला रुमाल शोधू लागले, मग राहू दिलं. त्याच्या बाहीवर ते बोट टेकवलं आणि एक लहानशी रेघ ओढली.

"हे काय, दुर्गा?" तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं दुर्गा.

"मी आजच बाबांना सांगते, अमळनेरच्या लोकांना येऊ नका म्हणावं. रविवारी तुम्ही या… हाच शर्ट घालून."

"धुऊन?"

"न धुता," मी म्हटलं.